कोठीवाल्याचा गेटपास

लालबाग, ९ फेब्रुवारी २०२५

विनीत,

वर आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला आवडेल की नाही ते कळेना. पत्र पोस्टाने पाठवतोय, कारण फोनवर माझ्या मेसेजला चार वर्षं एकच टिक येते. वडाळ्याचा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. तुझी आई दर रविवारी भजनाला जाते म्हणते. भजनाला डब्यातून तळलेली सुरमई कोण नेतं? मला काही कळत नाही असं तिला वाटतंय, तर वाटू दे.

कामाचं लिहितो. गेल्या महिन्यात तुझी मैत्रीण पूर्वी आली होती, मयूरला घेऊन. म्हणाली, "काका, सात बंदरं पुन्हा सुरू करतोय." मला वाटलं बोटीची सहल आहे. मग आठवलं, तुमचा तो खेळ. शनिवारी दुपारी आपल्या टेबलाभोवती सहा घोडे बसायचे, कोणी खलाशी व्हायचं, कोणी चोर, तू गोष्ट सांगत पुढे न्यायचास आणि अडलं की फासे टाकायचे. मी पेपर घेऊन गॅलरीत जायचो. पंचविशीची माणसं खोटीखोटी जहाजं चालवतात, हे मला बघवायचं नाही. खरं तेच लिहितोय.

तर त्या खेळासाठी तू जी अवजारं केली होतीस, एक पात्रं बनवणारं, एक नकाशे काढणारं, एक फासे टाकणारं, एक कोणाकडे काय सामान आहे ते सांगणारं, ती सगळी आपल्या घरातल्या एकाच मशीनमध्ये, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. आता पोरं पांगली. कोणी डोंबिवलीला, कोणी नाशिकला, एक तर दोह्याला. म्हणून पूर्वीने सगळं ऑनलाइन एका जागी न्यायचं काढलंय. सेंट्रल डेटाबेस. मी म्हटलं, म्हणजे आमचं सेंट्रल स्टोअर. ती म्हणाली, "अगदी बरोबर काका!" तिथेच फसलो.

अवजारं तिने नव्याने लिहिलीत. पण आतला माल? मशीन भंगारात गेलं ते तुला माहीतच आहे. उरल्या तुझ्या एकेचाळीस वह्या. त्या वाचून कोणीतरी टाइप करायला हवं. बाकीच्यांना नोकऱ्या आहेत, मी रिकामा. अडतीस वर्षं गोदीच्या स्टोअरमध्ये कुठल्या कप्प्यात काय आहे त्याची कार्डं भरली, तर हेही भरीन म्हटलं.

पूर्वीने तुझी परवानगी मागितली होती, त्याचं उत्तर तिने दाखवलं. "मशीन गेलं तेव्हाच खेळ संपला. वह्यांचं काय करायचं ते करा." वाचलं. असो.

आता अडलेलं विचारतो. वही तीन, पान बारा: वादळात जहाजाचं काय तुटलं तर तीन फासे टाकायचे? शब्दावर चहा सांडलाय. वही पाच: त्या चेटकीण म्हातारीला सहा जीव आहेत की नऊ? तुझे सहा आणि नऊ पहिलीपासून सारखेच.

एका ओळीचं उत्तर दिलंस तरी चालेल.

जगदीश
(तुझे बाबा)


लालबाग, २ मार्च

विनीत,

उत्तर आलं नाही. पोस्टाचं काही खरं नसतं, म्हणून हे पत्र आईच्या पिशवीत टाकतोय, सोलकढीच्या बाटलीखाली. तिला दिसलं तर दिसलं.

म्हातारीला नऊ जीव दिलेत. तुझं म्हणणं सहा असेल तर कळव.

सोळा वह्या झाल्या. दमलो रे. एका बोटाने टाइप करतो. मान अशी धरते की दुधवाला हाक मारतो तेव्हा अख्खं अंग वळवावं लागतं. तुझी आई रोज म्हणते, "आता पुरे करा हां, डोळे जातले!" मी म्हणतो, वही पुरी करतो. ती म्हणते, "पोरगो लिही होतो तेव्हा एक वही तरी उघडून बघितलास?" मग मी पुढचं पान उलटतो.

खरं सांगू, आता बघतोय तर वाईट नाही. तिसऱ्या बंदरावर पाणी विकणारी माणसं आहेत आणि पाण्यापेक्षा त्यांची भांडणं जास्त. ती भांडणं आपल्या चाळीच्या नळावरची आहेत, मी ओळखली. चौगुलेकाकूंना तू जलदस्यू केलंयस. मी एकटाच हसत बसलो होतो तर आई बघायला आली, काय झालं म्हणून.

माझगावला माझ्या जुन्या मित्राकडे, कुशाबाकडे जाऊन आलो. काम होतं. म्हणजे काम असं नाही, त्याच्या पोटमाळ्यावर उंदीर झालेत म्हणाला, म्हटलं बघून येऊ. काही कुरतडलेलं नाही.

तू नोकरी सोडलीस त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. मे महिन्यात मी रिटायर झालो आणि जूनमध्ये तू पर्मनंट नोकरीचा राजीनामा देऊन आलास, म्हणे खेळ बनवणार. घरात एकदम दोन रिकामे पुरुष. मला भीती वाटली होती. भीती वाटली की मी ओरडतो, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं. की मलाच कळायला हवं होतं, कोण जाणे.

वही नऊची शेवटची चार पानं गायब आहेत. तुझ्याकडे आहेत का?

जगदीश


लालबाग, १६ मार्च

विनीत,

आज काही विचारायचं नाही.

वही सतरा. अक्षर फार बारीक म्हणून मागे ठेवली होती, ती आता काढली. वर तुझ्या हाताने तारीख आहे, ऑगस्ट २०१६. म्हणजे तू एकोणीस-वीसचा असशील. त्यात जे आहे ते जसंच्या तसं उतरवतो. तुला आठवत असेलच, तरी उतरवतो.

"कोठीवाला. सातव्या बंदरावर कोठी सांभाळतो. वय कायम पन्नास. हसत नाही. चहा बशीत ओतून पितो. गेटपासवर मालकाची सही असल्याशिवाय मुंगीलाही बाहेर सोडत नाही. राजा आला तरी नाही. ताकद: काही नाही. जादू: काही नाही. गुण: याच्याकडे ठेवलेली वस्तू कधीही हरवत नाही."

खाली मयूरच्या अक्षरात लिहिलंय, "हे तर तुझे बाबा!" आणि त्याच्या खाली तू, "मग?"

पुढे कितीतरी वह्यांत सगळे आपलं मौल्यवान सामान त्याच्याकडेच ठेवतात. पूर्वीच्या खलाशिणीने आईची नथ ठेवलीय. मयूरच्या चोराने, चोर असून, आपली तलवार ठेवलीय. मी गॅलरीत पेपर वाचत बसायचो आणि आत तुम्ही पोरं माझ्याकडे सामान ठेवत होता.

काल दिवसभर एक अक्षर टाइप झालं नाही. आईने विचारलं, बरं वाटत नाही का. म्हटलं, पित्त झालंय.

तुला एक गोष्ट सांगायची होती. चार वर्षं सांगायची आहे. आज नाही जमत, पुढच्या वेळी सांगीन.

जगदीश


लालबाग, १ एप्रिल

विनीत,

तारीख बघून मस्करी समजू नकोस. मोठा घोळ केलाय मी.

रात्री जागून शनिवारी एकेचाळिसावी वही संपवली. पाडव्याला, म्हणजे परवा दुपारी, पूर्वीने सगळ्यांना बोलावलं होतं, पहिला डाव आपल्याच टेबलावर. जे लांब आहेत ते फोनवरून येणार. मी म्हटलं, माल तर भरून झाला, आता मार्चएण्डची आवराआवर करून ठेवू. स्टोअरमध्ये आमचा नियम होता: तीन वर्षांत जो माल हलला नाही तो राइट-ऑफ करायचा, यादीतून काढून टाकायचा. नाहीतर कोठीत नुसता गंज साठतो. पूर्वीने केलेल्या त्या डेटाबेसात प्रत्येक पात्रापुढे दोन पर्याय आहेत, 'चालू' आणि 'निकाली'. तुमचा शेवटचा डाव २०२१ चा. म्हणजे चार वर्षं कोणीच हललेलं नाही. मी एकेक करत एकशे बारा पात्रं निकाली काढली. कोठीवालासुद्धा. नियम सगळ्यांना सारखा.

चांगलं काम केलं असं वाटून, विनीत, मी वर गुळपोळी खाल्ली.

पाडव्याला सगळे जमले. आईने पुरणपोळ्या केल्या. मयूरने पहिल्यासारखं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ही तुझी पोरां चार वर्सांनी एकठय जमली हत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" दोह्याचा फोनमधून ओरडला, जरा उशिराने. आई कौतुकाने डोळे पुसत होती. तुझ्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. कोणी ठरवलं नव्हतं, पण बसलं नाही.

मग सगळ्यांनी आपापली पात्रं उघडली. मयूर म्हणाला, "आयला, मी मेलो?" पूर्वी म्हणाली, "मी पण." फोनमधून आवाज आला, "अरे, माझं जहाज कुठाय?" तुमच्या खेळात निकाली म्हणजे मेला, आणि मेल्याबरोबर त्याचं सामान, गुण, नकाशावरची जागा, सगळं पुसलं जातं. हे मला कोण सांगणार? मला वाटलं, यादीच्या खाली जातील.

"काका, काय केलंत हे!" पूर्वी एवढंच बोलली. बॅकअप ती पाडव्यापासून सुरू करणार होती. तोंड धुवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाली, "असू दे काका. मुद्दाम थोडंच केलंत. पुन्हा टाइप करू." मग बॅग भरता भरता मयूरशी बोलली, मला टोमणा म्हणून नाही, आपलं सहज: "विनीतचं मशीन असतं ना, तर पाच मिनिटांचं काम होतं."

मी पोळीचं ताट धरून उभा होतो.

काल सकाळी पुन्हा वही एक काढली. दोन पानं केली. बोटं चालेनात. मग सतरा काढली, तेच पान. 'याच्याकडे ठेवलेली वस्तू कधीही हरवत नाही.' वही मिटली आणि हे लिहायला बसलो. कालचं लिहिलेलं फाडलं, हे आजचं.

विनीत, तुझं मशीन भंगारात गेलेलं नाही.

राजीनाम्यावरून भांडण झालं त्या दिवशी तू नंतर बाहेर गेला होतास. मी ते चादरीत गुंडाळलं, टॅक्सीत घातलं आणि माझगावला कुशाबाच्या पोटमाळ्यावर ठेवून आलो. तुला म्हणालो, भंगारवाल्याला देऊन टाकलं. आठ दिवस ताणायचं ठरवलं होतं. आठ दिवसांत तुझं डोकं ठिकाणावर येईल, तू राजीनामा मागे घेशील, मग आणून टेबलावर ठेवीन. तू तिसऱ्या दिवशी घर सोडलंस. आठव्या दिवशी मी कुशाबाच्या दारात टॅक्सी उभी करून तुला फोन लावत होतो. तू उचलला नाहीस. मग रागाने मशीन तिथेच ठेवलं. राग गेला, मग लाजेने ठेवलं. तू ज्या गोष्टीसाठी घर सोडलंस ती घडलीच नव्हती, हे कुठल्या तोंडाने सांगणार? जेवढे दिवस जात होते तेवढं सांगणं कठीण होत होतं. आईलाही माहीत नाही. पोरांना एकेचाळीस वह्या टाइप करून देईन पण हे सांगणार नाही, असा मी माणूस. मान मोडली त्याचं काही नाही, तेवढी मोडायलाच हवी होती.

उंदरांनी काही केलेलं नाही. दर महिन्याला जाऊन बघतो. पावसाळ्यात प्लास्टिक घालतो.

माफ कर असं लिहिणार होतो, पण ते मागणं झालं. मी फक्त सांगतोय. चुकलो मी.

बाबा


लालबाग, ९ एप्रिल

विनीत,

तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे. मी पण नसतं लिहिलं.

तुला पत्र दिल्यावर घरात सांगितलं. आई खुर्चीत बसली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "माझी सोलापुरी चादर! चार वर्सां शोधतंय मी ती! धोब्याक किती बोललंय!" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा समोर ठेवायची तोही कप आपटून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमी दोघव सारखेच." तुला राग येईल, पण ती असं म्हणाली.

पूर्वी आणि मयूरला घेऊन माझगावला गेलो. कुशाबाने शिडी धरली. वर म्हणाला, "तुझा ह्यां मडां नेतलस एकदाचा?" खाली उतरवलं, चादर सोडली, पूर्वीने आतली धूळ ब्रशने काढली, वायरी लावल्या. मी मनात गाऱ्हाणं घालत होतो. सुरू झालं, विनीत. जरा घरघरलं आणि सुरू झालं. तुझा तो समुद्राचा फोटो आला आणि खाली पासवर्ड मागायला लागलं.

मयूरने चार-पाच वेळा काहीतरी घालून बघितलं. मग पूर्वी म्हणाली, पासवर्डची गरज नाही, आतली डिस्क काढून दुसरीकडे लावली की सगळं वाचता येतं, तासाभरात डेटाबेसात चढवते. तिने स्क्रू ड्रायव्हर काढलासुद्धा.

मी नको म्हणालो.

ती बघतच राहिली. "काका, सगळे थांबलेत." माहीत आहे. एकशे बारा जणांना मीच मारलंय, ते उठायला हवेत हेही माहीत आहे. पण मशीन तुझं आहे. एकदा तुझ्या पाठीमागे मी ते हलवलं, त्याचं काय झालं ते बघतोय. आता तुझ्या सहीशिवाय त्यातलं एक पान बाहेर जाणार नाही. पूर्वी चिडली. मयूर म्हणाला, "राहू दे गं. हा कोठीवालाच आहे, राजा आला तरी देणार नाही."

मशीन घरी आणलंय. टेबलावर, त्याच जागी.

आणि मी काय केलं सांगतो. तो डेटाबेस मला आता वापरता येतो, निकाली काढण्याइतका तरी. कोठीच्या यादीत एक नोंद केली. 'कॉम्प्युटर, नग एक, चादरीत. ठेवणार: विनीत नव्हे, त्याचा बाप, न विचारता. मालक: विनीत. गेटपासवर सही:' आणि पुढे जागा रिकामी ठेवली. पूर्वी म्हणते, तुझं नाव तिने पहिल्याच दिवशी घालून ठेवलंय, तू तुझ्या फोनवरूनही उघडू शकतोस. ती तुला लिंक पाठवेल. पुढे तुझी मर्जी. तू नाही लिहिलंस तर मी पुन्हा वही एकपासून सुरू करीन. आता मला अर्धा वेळ लागेल, पात्रं ओळखीची झालीत.

बाबा


लालबाग, २० एप्रिल

विनीत,

रोज सकाळी चहा झाला की उघडून बघायचो. जागा रिकामी. पुन्हा सातव्या वहीपर्यंत आलो होतो, पण चालू-निकालीला परत हात लावला नव्हता.

आज चहा बशीत ओतला होता. उघडलं तर यादीत सगळे निकाली आणि मध्ये एकच चालू. वाटलं, मीच काहीतरी दाबलं असेल. कोठीवाला. त्याच्या खाली बारीक अक्षरात येतं, कोणी बदललं आणि कधी. काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, विनीत. तुझ्या जेवायच्या सुट्टीत असणार.

मग कोठीची यादी उघडली. सहीच्या जागी तू लिहिलं होतंस: "पासवर्ड पूर्वीला दिलाय. आतलं सगळं तिला द्या. मशीन सध्या तुमच्याकडेच राहू दे. चादर आईची आहे, तिला द्या. म्हातारीला सहाच जीव."

आईला हाक मारली. चष्मा घातलेला असून मला वाचता येईना, तिनेच मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. 'सध्या' ह्या शब्दावर ती थांबली, मीही थांबलो.

पूर्वी येऊन सगळं चढवून गेली. खरंच पाच मिनिटं लागली. मयूरचा चोर उठला, नथ जागेवर आहे, तलवार जागेवर आहे. म्हातारीचे तीन जीव मी काढून घेतले, वाईट वाटलं.

तू कधी येणार ते विचारत नाही. चादर धुऊन आईला दिली. मशीनवर आता माझा गोदीचा खाकी शर्ट घातलाय, धूळ बसू नये म्हणून. टेबलावरच आहे.

बाबा